बैकलची दुरुस्ती

चिद्रवार सरांनी समुद्र पाहिलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की हा माणूस तरुणपणी कुठल्यातरी बोटीवर नोकरीला असणार. समुद्र नाही, बर्फाचा डोंगर नाही, विमान नाही. एकदा रत्नागिरीकडचं लग्नाचं बोलावणं आलं होतं, तर 'तिकडचं पाणी मला सोसंना' म्हणून घरीच बसले. ज्या माणसानं जन्मभर जमिनीच्या आत शिरलेल्या समुद्राच्या फाट्यांबद्दल बोलावं, त्यानं फुकट दिसणारा समुद्र का नाकारावा, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. सरांच्या बाबतीत मला कळलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मावतील.

बिलोली तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत आम्ही एकोणीस वर्षं शेजारी-शेजारी शिकवलं. त्यांचा भूगोल, माझी हिंदी. नववीच्या दोन तुकड्यांमध्ये नुसती पत्र्याची भिंत होती. त्यामुळे माझ्या वर्गात कारक चालू असलं तरी कानावर यायचा तो नॉर्वे. सरांचा आवाज बारीक, पण फियॉर्ड हा शब्द आला की तो असा चढायचा की माझी पोरं व्याकरण सोडून पत्र्याकडे बघत बसायची.

"हिमनदी म्हंजे बर्फाची नदी. दिसायला गरीब, बसल्यावानी. पण खालून डोंगराला किसून राहिलीय, किसणीवर खोबरं किसावं तशी. हजारो वर्षं. मंग बर्फ वितळला, दरी राहिली. त्या दरीत समुद्र आत आला. झाला फियॉर्ड. किती खोल?"

सगळ्यांचे अंदाज चुकले की सरच सांगायचे,

"सातशे परस."

आमच्याकडे विहिरीची खोली परसात सांगतात. एक परस म्हणजे एक पुरुषभर उंची. आठ परसाला पाणी लागलं तर घरात पेढे, बारा परसाला नाही लागलं तर सुतक. त्या पोरांना मीटर कळत नव्हता असं नाही, पण सातशे परस म्हटल्यावर पत्र्यापलीकडून जो 'अबाबा' यायचा तो मीटरला कधी आला नसता. जगातले सगळे फियॉर्ड आणि सगळी खोल सरोवरं सरांनी अशी परसात उतरवून काढली होती. इटलीतलं सरोवर, कॅनडातली सरोवरं, चिलीच्या किनाऱ्यावरचे फाटे, सगळ्यांचे परस त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या मुलीची जन्मतारीख मात्र मुख्याध्यापकांसमोर बायकोला फोन करून विचारली होती.

शर्टाच्या खिशात ते उघडा खडू ठेवत. खिसा कायम पांढरा. बायको कितीही रागावली तरी खडू डबीत जायचा नाही. आणि 'मनानं धरा' हा त्यांचा शब्द. फळ्यावर आडवी रेघ मारायची आणि म्हणायचं, हा डोंगर मनानं धरा. टेबलाला हात लावून म्हणायचं, हा ग्रीनलंड मनानं धरा. एकदा शाळेच्या शिपायाला त्यांनी हिमोढ, म्हणजे हिमनदीनं ढकलत आणलेला दगडगोट्यांचा ढीग, म्हणून उभं केलं. तो बिचारा घंटा द्यायची वेळ टळून गेली तरी हिमोढ होऊन उभाच.

लोकांच्या चुका दुरुस्त करणं हा त्यांचा दुसरा आनंद. न्यूझीलंडमध्ये एक नामांकित फियॉर्ड आहे, त्याच्या नावात साऊंड आहे. साऊंड म्हणजे समुद्रानं भरलेली नदीची दरी, हिमनदीची नव्हे. "नाव ठेवणाऱ्याची गलती," सर दर वर्षी तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "पण आपल्या वहीत दुरुस्त करून घ्या." न्यूझीलंडच्या लोकांनी नसेल केलं, पण बिलोली तालुक्यातल्या पंचवीस-तीस वर्षांच्या वह्यांमध्ये ती दुरुस्ती झालेली आहे.

एकदा तपासणीला साहेब आले. पुस्तकात फियॉर्डला चार ओळी, आणि सरांच्या टाचण वहीत आठ तास. साहेबांनी विचारलं, "गोदावरीला किती तास दिले?" सर म्हणाले, "एक." साहेब चिडले. सर म्हणाले, "साहेब, गोदावरी पोरं बघून राहिलेत. जे दिसणारच न्हाई ते शिकवाया वेळ लागतो." साहेब शेवटी शेऱ्याच्या जागी 'फळा स्वच्छ' असं लिहून गेले.

त्याच वर्षी सहल विष्णुपुरीला गेली. धरणाच्या काठावर सगळ्यांना उभं करून सर म्हणाले, "नीट बघा. हे फियॉर्ड न्हाई." आणि डबे उघडायला सांगितले. मी विचारलं, सर, एवढ्या लांब आणलंत ते काय दाखवायला? तर म्हणाले, "बाई, नसतो कसा ते बी दाखवावं लागतं की." मी कपाळाला हात लावला आणि माझी पुरीभाजी खाल्ली.

पण त्यांचा खरा सण फेब्रुवारीत. देगलूरहून बर्फाची लादी पोत्यात, लाकडाच्या भुश्शात गुंडाळून एसटीनं आणायचे. शाळेत पोचेपर्यंत ती अर्धी व्हायची आणि बसमधल्या चार लोकांचे पाय ओले. शाळेमागे मुरूम आणि काळ्या मातीचा ढिगारा केलेला असे. लादीला खालून वाळूखडे चिकटवून पोरांनी ती ढिगाऱ्यावरून दाबत ओढायची. खालपर्यंत आली की मागे पन्हळीसारखी खोल दरी. मग वरून दोन घागरी पाणी. टाळ्या.

एका वर्षी फेब्रुवारीतच गावाला टँकर लागला. मुख्याध्यापकांनी सांगितलं, लादी आणा नाहीतर काही आणा, पाणी मिळणार नाही. सरांनी पोरांना गोल उभं केलं आणि म्हणाले, "यंदा फियॉर्डला टंचाई हाय. पाणी मनानं धरा." सगळ्यांनी धरलं. एक नववीतला मुलगा तेवढा पुढे आला आणि त्यानं आपली पाण्याची बाटली त्या दरीत ओतून दिली. काळ्या मातीनं ते पाणी बघता बघता पिऊन टाकलं. पोरं हसली. सरांनी त्याला वर्गात नेलं आणि स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायला दिलं.

तो बालाजी. सरांचा सगळ्यात आवडता विद्यार्थी. बाकीच्यांना शिकवणं पालथ्या घड्यावर पाणी होतं हे सरांना आणि आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बालाजीचा घडा सरळ होता.

सर निवृत्त झाले, मागोमाग मीही झाले आणि नांदेडला राहायला आले. एक दिवस सकाळी सात वाजता दारात चिद्रवार सर. बिलोलीहून पहिल्या गाडीनं आले होते. चहा विचारला तर नको म्हणाले, बसा म्हटलं तर बसले नाहीत. हातात मोबाइल.

"बाई, घात झाला."

मला वाटलं घरी कुणी गेलं.

"बैकल हिमनदीचं न्हाई."

बैकल हे रशियातलं सरोवर, जगातलं सगळ्यात खोल. एवढं मला पत्र्याच्या भिंतीमुळे माहीत होतं. सर दर वर्षी शिकवायचे की सगळ्यात मोठ्या हिमनदीनं सगळ्यात खोल खड्डा केला, तोच बैकल. आणि आता मोबाइलवर कुठलासा हिंदी व्हिडिओ बघताना त्यांना कळलं होतं की तिथली जमीनच फाटून खचली, त्या खचदरीत ते सरोवर साठलं. हिमनदीचा काही संबंध नाही. मग त्यांनी जुनी पाठ्यपुस्तकं काढून बघितली. पुस्तकात एका पानावर होतं की बैकल सगळ्यात खोल. दुसऱ्या पानावर होतं की हिमनदीमुळे खोल सरोवरं तयार होतात.

"दोन्ही वाक्यं बरोबर हायती," सर म्हणाले. "मधला सांधा माझा. मीच जोडला. पंचवीस-तीस वर्षं शिकवून राहिलो."

मी म्हटलं, "जाऊ द्या सर. कोण लक्षात ठेवतंय?"

हे मी समजूत म्हणून म्हटलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वावगं बोलले होते. मला कळेना. पोरं पास झाली, लग्नं झाली, त्यांची पोरं शाळेत गेली, आणि हा माणूस रशियातल्या एका तळ्यासाठी सकाळी सातला उपाशी उभा.

पुढच्या आठवड्यापासून सरांनी दुरुस्ती सुरू केली. जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते काढायचे, एसटीनं जायचं आणि प्रत्येकाला तोंडानं सांगायचं. मी म्हटलं, फोन करा, ग्रुपवर टाका. तर म्हणाले, "शिकवताना समोर उभा होतो ना? मंग?" दोन-तीनदा मी सोबत गेले. गेले म्हणजे काय, एकट्याला सोडवेना म्हणून गेले आणि रस्ताभर चिडचिड केली.

हिमायतनगरला त्यांचा एक विद्यार्थी हॉटेल चालवतो. भज्यांचा घाणा अर्धवट टाकून तो धावत आला, पाया पडला, आम्हाला पंख्याखाली बसवलं. सरांनी घसा साफ करून सांगितलं की बैकल हिमनदीचं नाही. त्यानं फडक्याला हात पुसले.

"बैकल कोण सर? आपल्या वर्गात होता का?"

"तळं हाय. रशियातलं."

"बरं बरं. काय झालं त्याला?"

सरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं, मान डोलावली आणि आत जाऊन बायकोला हळूच म्हणाला, "सरांना चक्कर आल्यावानी दिसून राहिलं, लिंबूपाणी कर." ते मला ऐकू आलं. सरांनाही आलं असणार.

बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांची एक विद्यार्थिनी, आता अंगणवाडीताई झालेली, भेटली. ती तर घाबरलीच. तिला वाटलं, जुना पेपर पुन्हा तपासून सर मार्क कमी करायला आलेत. "सर, माझी नोकरी दहावीच्या मार्कावर लागलीय, आता मागचं नका काढू," म्हणून तिनं हात जोडले. तिची समजूत घालण्यात आमचा अर्धा तास गेला. निघताना ती सहज म्हणाली, "तळ्याचं म्हणता तर, बालाजी बी असंच काहीतरी सांगत होता. त्याचं एका मार्कानं राहिलं की. तळ्याचाच प्रश्न होता म्हणं."

सर चपलेत पाय घालत होते, ते तसेच थांबले.

बालाजीनं सरकारी नोकरीची परीक्षा चारदा दिली होती. चौथ्यांदा एका मार्कानं गेला, आणि मग वय उलटलं. एवढं गावात सगळ्यांना माहीत होतं. कशावरून गेला, हे आम्हाला माहीत नव्हतं. परतीच्या गाडीतून बिलोलीला उतरताना सर एवढंच म्हणाले, "बाकीच्यांनी ऐकलंच न्हाई बाई, ते वाचले." मी पुन्हा म्हटलं, जाऊ द्या सर, त्याच्या नशिबात नव्हतं. माझ्याकडे दुसरं होतं काय म्हणायला?

त्यानंतर दुरुस्तीचं एकच गाव उरलं. बालाजी आता लातूरला अभ्यासिका चालवतो, असं कळलं. सर मला न्यायला नांदेडला आले तेव्हा नवा शर्ट घातलेला होता. खिसा पांढरा नव्हता, ते मला फार विचित्र वाटलं. गाडीत त्यांनी मला एकदाच विचारलं, "तो काय बोलंल?" मी म्हटलं, काही बोलणार नाही, चांगला मुलगा आहे. "तीच भीती हाय," सर म्हणाले. मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

अभ्यासिका म्हणजे क्लासच्या गल्लीतला एक लांबट हॉल. प्लायवूडच्या कप्प्यांमध्ये चाळीस-पन्नास पोरंपोरी मान खाली घालून वाचत होती. भिंतीवर मोठ्या अक्षरात 'शांतता राखा'. बालाजी दाराशी टेबल टाकून बसला होता. पस्तिशीचा, केस पातळ झालेले, डोळे तेच नववीतले. सरांना बघून उठला, खुर्च्या आणल्या, आणि ओठांवर बोट ठेवून हसला. म्हणून पुढचं सगळं बोलणं कुजबुजत झालं.

"बालाजी, बैकल हिमनदीचं न्हाई."

"हाव सर. खचदरीचं हाय."

सर गोंधळले. मीही. "तुला कवा समजलं?"

"परीक्षेच्या आधी. गाईडात होतं."

"मंग पेपरात तेच लिहिलास?"

बालाजीनं टेबलावरचं रजिस्टर सरळ केलं. "न्हाई सर. तुम्ही सांगितलं ते."

"कामून?"

"एका गाईडात खचदरी होतं. म्या म्हणलं, छापणाऱ्याची गलती असंल. दुसऱ्यात बी तेच. मंग तिसरं आणलं, त्यात बी. म्हणलं, एकमेकाचं बघून छापत असतील. तुम्ही वहीत दुरुस्त करा म्हणायचात ना सर, ते साऊंडचं? म्या तिन्ही गाईडात पेनानं दुरुस्त करून ठेवलं होतं. तुम्ही चुकता असं डोक्यातच आलं न्हाई."

"गाढवा!"

सर ओरडले. एकोणीस वर्षांत मी त्यांना असं ओरडताना ऐकलं नव्हतं. पन्नास डोकी प्लायवूडच्या वर आली. "तीन तीन पुस्तकं सांगून राहिलीत आन तू माझं धरून बसलास? मी कोण? माझ्यापायी नोकरी घालवलास, आन माझा राग बी करंना गेलास?"

"राग कशाचा सर," बालाजी अजून कुजबुजतच होता. "बरं चाललंय की."

"बरं चाललंय?" सरांचा आवाज आणखी चढला. मी त्यांचा दंड धरला आणि बाहेर आणलं. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला होता. एकाला शिक्षा हवी होती आणि दुसरा ती द्यायला तयार नव्हता, आणि मी मध्ये पर्स सांभाळत उभी.

बालाजी अभ्यासिका एका मुलीवर सोपवून आम्हाला स्टँडवर सोडायला आला. त्यानं पळत जाऊन खिडकीची जागा धरली, पाण्याची बाटली आणली, केळी आणली. सर जागेवर बसल्यावर तो दोन सीटच्या मधल्या वाटेत पाया पडायला वाकला.

सरांनी पाय मागे घेतले.

बालाजीला वाटलं गर्दीमुळे झालं. तो आणखी आत वाकला. सरांनी चपला सोडल्या आणि दोन्ही पाय वर, सीटवर घेतले, जेवायला मांडी घालावी तसे. "आधी म्हण, सर तुम्ही चुकलात. मंग पाया पड."

"सर..."

"म्हण."

तो वाकलेलाच होता. मानेवरची शीर दिसत होती. दोनदा त्यानं तोंड उघडलं. मागची बाई पिशवी घेऊन ताटकळली होती, ती म्हणाली, "ओ भाऊ, सरका की." कंडक्टरनं घंटी दिली. बालाजी सरळ झाला, मान हलवून 'न्हाई जमत सर' एवढं म्हणाला आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत उतरून गेला. गाडी सुटेपर्यंत तो खाली उभा होता, पण सरांनी खिडकीकडे पाहिलं नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी सर हैदराबादला मुलीकडे असताना वारले. मला ते भेटले ते त्या गाडीतच शेवटचे. म्हणून तो प्रवास मला सगळा आठवतो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, सर पाय वर घेऊन बसलेले. ऊन त्यांच्या तोंडावर आलं तरी पडदा ओढला नाही. केळी आमच्या दोघांच्या मध्ये तशीच पडलेली. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "जाऊ द्या सर..." आणि त्यांचं तोंड बघून गप्प झाले.

त्यांची समजूत घालून घालून मी त्यांना किती एकटं पाडलं होतं, ते मला तिथे, लोह्याच्या पुढे कुठेतरी कळलं. हॉटेलवाल्यानं लिंबूपाणी दिलं, बालाजीनं केळी दिली, मी जाऊ द्या दिलं. त्यांनी मागितलं ते एकानंही दिलं नव्हतं. मला भीती वाटत होती. मोठ्या माणसाला असं बोलायची सवय नाही, आणि ते खरं होतं म्हणून जास्तच भीती वाटत होती. नांदेड जवळ आलं, लोक उठून सामान काढायला लागले, तेव्हा मी म्हटलं,

"सर, तुम्ही चुकलात. तुमच्यामुळे त्या पोराची नोकरी गेली."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. सबंध दिवसात पहिल्यांदा त्यांच्या खांद्यांतला ताठरपणा गेला.

"हाव बाई," ते म्हणाले, "गेली." मग त्यांनी एक-एक करून दोन्ही पाय खाली सोडले आणि सीटखाली चपला चाचपू लागले.